लहरीला आठवण नसते

१

घराच्या मागच्या खोलीला बायको कारखाना म्हणायची, आणि म्हणून तो कारखानदार. कारखान्याची सगळी मालमत्ता म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, आणि खुर्ची सरकवल्याशिवाय ज्याचं दार उघडत नाही असं एक कपाट. खोलीत कायम सोल्डरिंगच्या धुराचा वास असायचा. तो वास त्याच्या शर्टांना आणि केसांना यायचा. एवढंच काय, त्याने केलेल्या चहालाही येतो, असं बायकोचं म्हणणं होतं.

तो सिंथेसायझरचे सुटे डबे बनवायचा. सिंथेसायझर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काळ्यापांढऱ्या पट्ट्या येतात. ह्याच्या डब्यांना त्या नसायच्या. समोर पत्रा, पत्र्यावर पिळायच्या खुंट्या आणि वायरी खोचायला भोकं. एक डबा नुसता सूर धरणार, दुसरा तो सूर घासूनपुसून मऊ करणार, तिसरा ठोका देणार. डबे शेजारीशेजारी बसवायचे, वायरींनी जोडायचे, की वाद्य तयार. उद्या वायरी बदलल्या की वाद्यही वेगळं. असलं काही वाजवणारी माणसं जगात थोडी, पण जी आहेत ती पक्की वेडी, आणि त्या वेड्यांना ह्याचेच डबे लागायचे.

त्यातही खरं नाव होतं ते एका डब्याचं. त्याला तो लहर म्हणायचा. लहरीच्या पोटात एक ट्रान्झिस्टर मुद्दाम उलटा जोडलेला असे. तसा जोडला की तो बिचारा खरखरत बसतो. ठोका पडला की लहर त्या क्षणाची खरखर चिमटीत पकडायची, आणि ती जितकी चढलेली असेल तितका वरचा स्वर वाजवायची. पुढचा ठोका, पुढची चिमूट. कुठला स्वर येणार ते बनवणाऱ्याला ठाऊक नाही आणि वाजवणाऱ्यालाही नाही. हे ट्रान्झिस्टर तो कानाने निवडायचा. "ह्याची खरखर कोरडी," "ह्याची जरा ओलसर," असं स्वतःशी पुटपुटत नावडते बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. मीटर होता, पण तो कपाटात धूळ खात पडलेला. डब्यावर दिवे लावा, कुठला स्वर लागला ते दिसेल तरी, असं गिऱ्हाइकं सुचवायची. तो म्हणायचा, "दिवे लावले की माणसं कान वापरायची बंद होतात."

अधूनमधून तक्रारीचा फोन यायचाच. तुमच्या डब्याने एकच स्वर लागोपाठ वाजवला, बिघडलाय वाटतं. अशा वेळी तो खुर्चीत मागे रेलायचा. हा त्याचा आवडता प्रसंग. "रस्त्यातून पाठोपाठ चार लाल गाड्या गेल्या तर रस्ता बिघडला म्हणता का? लहरीला आठवण नसते हो. मघाशी काय वाजवलं ते तिला माहीतच नाही." फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तो खुशीत असायचा.

घरात माणसं चार. तो, बायको, त्याचा धाकटा भाऊ आणि मुलगी बिट्टी. बायको चष्म्याच्या दुकानात फ्रेमला काचा बसवायची. धाकट्याचं कोपऱ्यावर किल्ल्या करून देण्याचं दुकान होतं, आणि तो घरात शिरला की शेजारच्या इमारतीलाही कळायचं. बिट्टी तिसरीत. भांडी कोणी घासायची यावरून एकदा चांगलीच जुंपली, तेव्हा तोडगा काढला तो बिट्टीने. लहर चारच स्वरांवर लावायची. खालचा सा बाबांचा, ग काकाचा, प आईचा, वरचा सा तिचा. डोळे मिटून 'थांब'चं बटण दाबायचं, आणि ज्याचा स्वर वाजत राहील त्याने उठायचं. तेव्हापासून घरातलं झाडून सगळं काम लहरीवर पडलं. भांडी, कचरा, बिट्टीला शाळेत सोडणं. बिट्टीचा स्वर आला तर ती एकटी शाळेत जाणार असं तिचं म्हणणं होतं, ते मात्र कोणी चालू दिलं नव्हतं. एक लहर त्यासाठी कारखान्यात कायमची जोडलेली होती, दार उघडं असायचं, आणि नळ नीट बंद न केल्यासारखे ते चार स्वर दिवसभर घरात टिपटिपत असायचे.

२

"भाऊजींनी यंत्राला काहीतरी चारलंय," एके संध्याकाळी बायको भांडी घासता घासता म्हणाली. "माझे हात गेले साबणाने, आणि हे बसलेत पाय पसरून."

"वहिनी, मी कुलूपवाला माणूस," धाकटा म्हणाला. "यंत्रं माझ्याशी माणुसकीने वागतात."

सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी काम करताना कारखानदाराचे कान आपोआप तिकडे लागले. खालचा सा, प, वरचा सा, प, प, खालचा सा. ग नाही. त्याने एक अख्खा डबा सोल्डर करून संपवला तरी ग नाही. खंड पडल्यासारखंही वाटत नव्हतं. ठोके एकामागून एक व्यवस्थित येत होते, फक्त ग त्यात नव्हता.

"उघडून बघा ना जरा," बायको म्हणाली.

"उघडून काय बघायचं? असं होतं. चार लाल गाड्या."

"चार कसल्या, लाल गाड्यांचा मोर्चा निघालाय."

त्याने हे हसण्यावारी नेलं, पण मनातून त्याला राग आला. इतकी वर्षं तो फोनवर लोकांना जे समजावत आला, तेच घरात समजावायची पाळी यावी! डबा उघडणं म्हणजे त्या सगळ्या गिऱ्हाइकांपुढे मान तुकवणं. तो काही उघडणार नव्हता.

त्याच आठवड्यात एकदा जेवणं झाल्यावर बिट्टीने बटण दाबलं, आणि कारखान्यातून काहीच आवाज आला नाही. बटण अडकलं असेल म्हणून तो उठणार, तोच धाकटा म्हणाला, "लागला की! ग लागला. दादा, ऐकू येत नाही का तुला?"

"बस झाली चेष्टा," बायको म्हणाली.

"अगं वहिनी, खरंच. हा काय वाजतोय."

तो हसत हसत उठला आणि बाह्या सरसावून मोरीकडे गेला. भांडी त्यानेच घासली. बराच वेळ नळ चालला होता. पण सकाळी बायको लख्ख भांडी मांडणीवर लावताना म्हणाली, "मीच घासली वाटतं रात्री. आठवत पण नाही, एवढी दमले होते." त्यालाही तसंच वाटलं.

३

धाकट्याचं बोलणं कमी झालं की घराचं ऐकणं, हे सांगणं अवघड आहे. त्याच्या येण्याचा आवाज पूर्वी जिन्यापासून यायचा. मग नुसता दाराचा येऊ लागला. मग कधीतरी दार वाऱ्याने वाजलं असं वाटू लागलं.

एका दुपारी बायकोने तीन पानं वाढली. तो खाली बसला, दोन घास खाल्ले आणि मग म्हणाला, "धाकटा?"

"असेल," बायको म्हणाली.

जेवला असेल नाही, दुकानात असेल नाही, नुसतं असेल. त्यालाही ते उत्तर पुरलं. बिट्टी मात्र खाली मान घालून आपल्या ताटातली अर्धी पोळी बाजूला काढत होती, आणि तो तिला म्हणाला, "अन्नाशी खेळू नये."

त्यानंतर कधीतरी तो डबे पाठवायचे रिकामे खोके ठेवायला आतल्या लहान खोलीत गेला. ती धाकट्याची खोली. तिथे आधीच खोके होते. ते आपणच आणून ठेवले, हे त्याला नीट आठवत होतं. ठेवताना खोली कोणाची असा प्रश्न पडला नव्हता, एवढंच. पलंगावर भिंतीच्या बाजूला खोके अगदी नीट, एकावर एक रचलेले होते. तसे त्याने रचले नव्हते. त्याने ते नुसते टाकले होते. आणि ह्या बाजूला एक माणूस आखडून झोपेल एवढी पट्टी मोकळी होती. उशीत खळगा होता.

तो खळग्याकडे बघत उभा राहिला. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. दात काढताना दवाखान्यात गाल बधिर करतात, आणि जीभ लावून बघितली की तो गाल दुसऱ्याचाच वाटतो, तसं त्याला आतून वाटत होतं. वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत नाही ह्याचं आश्चर्य वाटलं, पण तेही बेताचंच.

मोकळी जागा दिसली म्हणून हातातले खोके त्याने तिथे ठेवले.

४

अखेर त्याने लहर उघडली ती धाकट्यासाठी नाही. एका गिऱ्हाइकाच्या डब्याला मीटर लागणार होता, तो कपाटातून निघाला, आणि निघालाच आहे तर म्हणून त्याने घरच्या लहरीलाही लावला. काटा चारही जागी जात होता. खाली, मधे, वर, अगदी वर. कुठलीच जागा लहर टाळत नव्हती. त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. डबा बिघडलेला नव्हता.

पण काटा ग च्या जागी जात होता, आणि ग ऐकू येत नव्हता.

त्याने चार छोटे दिवे आणले आणि प्रत्येक स्वरापाशी एक असे जोडले. जन्मात पहिल्यांदा त्याने कुठल्या डब्याला दिवे लावले. पहिला दिवा लागला, सा वाजला. तिसरा लागला, प वाजला. दुसरा लागला. विझला. पुन्हा पहिला, सा. तो दुसरा दिवा पेटलेला असताना आपण काय ऐकलं, हे त्याला सांगता येईना. शांतता ऐकली असंही नव्हे. तेवढा वेळ झालाच नव्हता, आणि दिवा तर समोर पेटत होता.

त्याने लहर काढून ठेवली आणि दुसऱ्याच डब्यावर हाताने खुंटी पिळत ग लावला. काही नाही. बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, बघत राहिली, म्हणाली, "बंदच आहे की हे."

"वाजतोय," बिट्टी दारातून म्हणाली. "बाबा, कधीपासून वाजतोय. कानात दुखतंय, कमी करा ना."

त्याने खुंटी खाली केली. बायको परत गेली.

"बिट्टी, इकडे ये. काका कुठे आहे?"

बिट्टीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खोलीच्या कोपऱ्याकडे, कपाट आणि भिंत ह्यांच्या मधल्या बोळकांडीकडे. "तो तिथेच असतो तुम्ही काम करताना," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्याशी बोलत का नाही? तो रागावला नाहीये. त्याने सांगायला सांगितलंय, रागावलो नाही म्हणून."

त्या बोळकांडीत झाडू होता. कारखानदाराने थोडा वेळ तिथे बघितलं. झाडू होता, आणि झाडूला जरा तिरकं ठेवून कोणालातरी जागा करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने लहर बंद केली. सगळ्या वायरी उपटून टेबलावर ठेवल्या. घर गप्प झालं. दिवसभर त्याने वाट पाहिली, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाऊन आला. दुकान उघडं होतं. एक बाई गल्ल्यामागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, "दोन करा, आणि जरा गुळगुळीत घासा हं," असं सांगत होती, आणि किल्ली घासायचं चाक गरगरत होतं. तो समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभा राहिला आणि घरी आला. वायरी पुन्हा जोडल्या. लहर बंद ठेवून काहीच परत येत नव्हतं. उलट घरात माणसं किती हे दिव्यांवरून तरी कळत होतं, ते कळेनासं झालं होतं.

५

शाळेतून फोन आला तेव्हा तो ट्रान्झिस्टर निवडत होता.

"तुमची मुलगी रोज डब्याशिवाय येते," बाई म्हणाल्या. "केस विंचरलेले नसतात. काल मीच तिला माझ्यातलं दिलं. घरी काही अडचण आहे का?"

"हो का? बघतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवून पुन्हा खरखर ऐकू लागला. ह्याची कोरडी. ह्याची ओलसर. दुपार तशीच गेली. मग पाठ मोडली म्हणून त्याने मान वर केली आणि सहज दिव्यांकडे पाहिलं.

चौथा दिवा लागला आणि विझला. पुन्हा लागला. वरचा सा वाजला नाही.

तो खुर्चीत ताठ बसला. किती वेळापासून? आज, काल? बिट्टीशी आपण शेवटचं काय बोललो हे तो आठवू लागला, आणि त्याला एकदम शाळेतला फोन आठवला, सकाळी कोणीतरी सांगितलेल्या किरकोळ कामासारखा.

"बिट्टी!" त्याने हाक मारली.

उत्तर आलं नाही. की आलं, आणि ग च्या दिव्यासारखं पेटून विझलं?

तो स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर दोन ताटं होती. "बिट्टी जेवली?" त्याने विचारलं.

बायकोचा हात थांबला. बाजारातून काहीतरी आणायचं राहिलं हे आठवावं, तसं तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. "बिट्टी," ती म्हणाली. "हो. बिट्टी. अहो, मी आज तिला..." आणि मग ते चेहऱ्यावरून निघून गेलं, आणि तिने आमटी ढवळली.

त्याने तिसरं ताट घेतलं, वाढलं, जमिनीवर ठेवलं आणि समोर बसून राहिला. ताटातलं कमी होताना त्याला दिसलं नाही. पण एकदा पापणी मिटून उघडली तर ताट रिकामं होतं, आणि कडेला चार भातशितं नीट ओळीत लावलेली होती. बिट्टीला ती खोड होती. त्यावरून तो तिला नेहमी रागवायचा.

आपली मुलगी समोर बसलेली आहे, आणि आपल्याला ती दिसत नाही. हे वाक्य त्याने मनात नीट जुळवलं. ते खरं होतं, भयंकर होतं, आणि त्याच्या आत काहीही हललं नाही. भीती वाटली ती एका दुसऱ्याच गोष्टीची. आज निदान हे वाक्य जुळवता येतंय. उद्या ताट एकच वाढून आपण सुखाने जेवू, आणि पोर समोर उपाशी बसलेलं असेल, आणि आपलं काही बिघडणार नाही. ही भीतीसुद्धा लांबून, शेजारच्या घरात भांडण चालल्यासारखी येत होती. ती आहे तोवरच काय ते करायला हवं होतं.

त्याने हातावर पेनने 'ताई' एवढंच लिहिलं, म्हणजे फोनपर्यंत पोचेतो विसरायला नको.

६

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. परगावी राहायची, नाटकांना संगीत द्यायची. मेहुण्याच्या डब्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "माझा जुना पियानो बरा, निदान मी दाबेन तेच वाजवतो," असं ती तोंडावर म्हणायची. फोनवर त्याने फक्त, "या, लवकर या," एवढंच सांगितलं होतं. ती दुसऱ्याच दिवशी सकाळी बॅग घेऊन दारात हजर.

दार उघडल्या उघडल्या ती खाली वाकली. "अगं बाई! हे काय ध्यान? केसांचं टोपलं झालंय नुसतं!" ती कोणाशी बोलते ते बघायला त्याने मान वळवली. तिचे हात हवेत कोणाचेतरी केस मागे सारत होते. मग ती खुर्चीकडे वळली. "आणि काय हो किल्लीवाले, गालफडं बसली की तुमची. जेवत नाही का?"

खुर्चीकडून काही उत्तर आलं असावं, कारण ताई हसली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं.

"हे काय सांगतायत?" तिने बहिणीला विचारलं.

"कोण?" बायको म्हणाली.

ताई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तो तिला कारखान्यात घेऊन गेला.

"किती स्वर ऐकू येतात?"

"चार. सा, ग, प, वरचा सा. का?"

"मला दोन येतात," तो म्हणाला. "दिवे बघा. दुसरा लागतो तेव्हा धाकटा. चौथा लागतो तेव्हा बिट्टी. आधी धाकटा गेला. म्हणजे तो आहे, पण आम्हाला नाही. आता ती."

"कारखानदार, ही चेष्टा असेल तर..."

"चेष्टा नाही. ताई, बिट्टी आत्ता कुठे आहे?"

ताईने खाली पाहिलं. तिचा आवाज बदलला होता. "तुमचा हात धरून उभी आहे."

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. बोटं जराशी मिटलेली होती, मधे काहीतरी असल्यासारखी. ती त्याने मिटली नव्हती.

"गरम आहे का तिचा हात?"

"हे काय विचारताय!"

"मला कळत नाही म्हणून विचारतो. सांगा."

ताईने वाकून हात पुढे केला. "गार आहे," ती म्हणाली. "नखं वाढलीयत. कापायला झालीयत."

"बरं," तो म्हणाला. नखं कापायला हवीत हे त्याला पटलं.

मग मात्र ताईचा पारा चढला. "फोडून टाका ते आधी! उभे काय राहिलात?"

"बंद करून पाहिलं. काही होत नाही. बंद केलं की फक्त किती जण आहेत ते कळत नाही."

"मग डॉक्टर, कोणीतरी... हे झालं कशाने?"

त्याने तोंड उघडलं. गिऱ्हाइकांना सांगायचं वाक्य सवयीने ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. "तिला घेऊन जा," तो म्हणाला. "तुम्ही ह्या घरात राहत नाही, तुम्हाला ती दिसते. शाळेतल्या बाईंना दिसते. तिथे ती जेवेल. आज मला माहीत आहे म्हणून सांगतोय, उद्या मी सांगणार नाही. उद्या तुम्ही तिचं नाव काढलंत तर मी म्हणेन, कोण?"

"स्वतःच्या पोरीला असं, कोरड्या डोळ्यांनी..."

"हो. म्हणूनच."

ताई खुर्चीत बसून रडू लागली. रडता रडता ती मधेच कोणाचंतरी ऐकायची, मान हलवायची, पुन्हा रडायची. तो शेजारी उभा राहिला. तिचं रडणं त्याला पूर्ण ऐकू येत होतं, त्यातलं काहीच गळत नव्हतं. तिला पाणी द्यावं असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने ते दिलं.

"आणि धाकट्याला विचारा, येतोस का म्हणावं."

ताई कपाटामागच्या बोळकांडीकडे वळली. "नाही म्हणतात," ती म्हणाली. "म्हणतात, ह्या दोघांपाशी कोणीतरी हवं ना."

७

कपडे बायकोनेच भरले. कपाटाच्या खालच्या खणातून ती एकेक लहान फ्रॉक काढत होती, घडी घालत होती. "एवढ्या लहान कपड्यांचं काय करायचं आपण?" तिने विचारलं.

"ताईंना दे. त्या नेतायत."

"बरं होईल. जागा होईल." तिने निळा फ्रॉक उचलला, नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली, बराच वेळ. त्याला वाटलं, आता. आता काहीतरी फुटेल. पण तिने तो फ्रॉकही घडी घालून बॅगेत ठेवला आणि चेन ओढली. मग ती तिने पुन्हा उघडली, पुन्हा लावली. आपण असं का करतोय हे तिलाच कळेना, ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

दारात ताई म्हणाली, "जवळ घ्या तिला एकदा. दोघंही."

ती दाखवेल तिथे ते दोघं गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हात पसरले. ताई मधेमधे सांगत होती, जरा खाली, हो, आता मिटा. त्यांनी हात मिटले. बायकोचं कोपर त्याच्या बरगडीला लागत होतं, ते त्याला जाणवलं. बाकी काही नाही. "ती काय म्हणतेय?" त्याने विचारलं. ताईने नुसती मान हलवली. तिला ते सांगता येईना.

मग जिन्यावर ताईची पावलं वाजली. ती एरवी धाडधाड उतरायची. आज एकेका पायरीवर थांबत गेली.

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. बायकोही आली. खाली रस्त्यावर ऊन होतं. ताईच्या उजव्या हातात बॅग होती आणि डावा हात अंगापासून जरा लांब, जरा खाली धरलेला होता. ती लहान पावलं टाकत होती. चौकाशी ती थांबली, आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, आणि मग वाकून कोणालातरी काहीतरी विचारलं. मग तिने वळून वर खिडकीकडे पाहिलं आणि बॅग खाली ठेवली. ती स्वतः हात करत नव्हती. ती खालच्या कोणाकडेतरी बघत होती, आणि थांबली होती.

म्हणून त्याने हात वर केला आणि हलवू लागला.

खिडकीच्या काचेत तो स्वतःला दिसत होता, शेजारी बायको, हात छातीशी धरलेली. आणि दोघांच्या मधे, जिथे दोघांच्या मधे जागाच नव्हती, तिथे आणखी एक हात होता. तो फार जोरात हलत होता, ज्याला लांबच्या माणसालाही आपण दिसावं असं वाटतं त्याचा हात असावा तसा. कारखानदाराने मान वळवली नाही. काचेतही त्याने पुन्हा पाहिलं नाही.

"अहो," बायको म्हणाली. "ताई तर बघत पण नाहीये. कोणाला हात करताय?"

त्याने खरोखर विचार करून पाहिला. सकाळी माहीत होतं, एवढं त्याला माहीत होतं.

"आठवत नाही," तो म्हणाला, आणि हात हलवत राहिला.